मागच्या दारानं

जमादारकाकांनी मला खोली भाड्याने देण्याआधी माझी जेवढी उलटतपासणी घेतली, तेवढी नोकरी देताना संस्थेनंही घेतली नव्हती.

"कुठल्या तुमी?"

"परभणीची."

"मिस्टर?"

"परभणीलाच असतात. शनिवारी येतील."

"शनवारीच काहून?"

या प्रश्नाला माणूस काय उत्तर देणार? रविवारी त्यांना सुट्टी असते, असं सांगितलं. काकांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती, नोंद केल्याची होती. मग आधार कार्ड मागितलं. ते हातभर लांब धरून एकदा कार्डाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "ह्या फोटूतली बाई तुमच्याहून वयानं मोठी दिसून राहिली."

"काका, आधार कार्डावर सगळेच वयानं मोठे दिसतात."

ते हसले नाहीत. लग्नाचा फोटो आहे का, एवढंच विचारलं. पहिल्या शनिवारी नवरा पिशवी घेऊन आला, तेव्हा त्याचा चेहरा त्या फोटोशी ताडून मगच त्याला आत घेतलं. पार्वतीकाकू चुलीपुढून म्हणाल्या, "मला बी पाहायला आले तवा अस्सेच बसले होते. माझ्या बापाला वाटलं, हे पोरगं वॉरंट घेऊन आलं."

गाव जवळा बाजारच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. नाव सांगत नाही. ज्यांच्याविषयी लिहिते आहे, ती माणसं अजून तिथेच राहतात, आणि अजून एकमेकांच्या हाताकडे बघत चालतात. तिथल्या शाळेत मी इतिहास शिकवायला होते. आमच्याकडे हेडकॉन्स्टेबलला जमादार म्हणतात. काका, म्हणजे गणपतराव, त्या पदावरून रिटायर झाले आणि पद तेवढं घरी घेऊन आले. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, आणि पायात रोज पॉलिश केलेले खात्याचे तपकिरी बूट. बाहेर जाताना कुलूप ओढून बघायचे, चार पावलं जायचे, परत येऊन पुन्हा ओढायचे. दाराकडे पाठ करून कधी बसले नाहीत. दारात भिकारी आला तरी त्याला कुठून आलास, कुणाकडं चाललास, परत कवा, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय भाकरी मिळायची नाही. संशय हा पडशासारखा असतो, एकाचा दुसऱ्याला होतो. वर्षभरात मीसुद्धा दूध बोटावर घेऊन बघायला लागले होते.

एकदा आम्ही दोघं जवळ्याच्या आठवडी बाजाराला गेलो. काकांनी वांग्याचा भाव विचारला, अर्ध्यावर मागितला. बाई पटकन म्हणाली, "घ्या." काकांनी पिशवीत टाकलेली वांगी एकेक करून परत तिच्या ढिगावर ठेवली.

"काय झालं काका? दिलं की तिनं."

"तेच तर. पयल्याच बोलीला व्हय म्हणली. कायतरी गडबड हाय."

पुढे दुसऱ्याकडे त्यांनी जास्त भावानं घेतली, पण खूप वेळ भांडून घेतली, आणि समाधानानं घरी आले. मी तेव्हा हसले होते.

नोकरीत काका काही संत नव्हते. आरोपींची त्यांनी आरती ओवाळली नसणार. काकूच एकदा बोलून गेल्या, "नोकरी व्हती तवर आमच्या घरात कोंबडी इकत कवा आलीच न्हाई." पण एका गोष्टीत त्यांचं नाव होतं. भांडण मिटवावं तर जमादारानं. बांधावरून दोन भावांनी एकमेकांची डोकी फोडली की लोक साहेबाकडे न जाता यांच्याकडे यायचे. त्यांची एक रीत होती. ज्याची बाजू खरी असेल त्याला ते तसं सांगायचे, त्याचं त्याला मिळवूनही द्यायचे. पण ठाण्यातून बाहेर सोडायचे मागच्या दारानं. आणि जो हरला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पुढच्या दारापर्यंत पोचवायला स्वतः जायचे.

"असं उलटं काहून?" मीही तोवर 'काहून' म्हणायला शिकले होते.

"अवो म्याडम, ठाण्याम्होरं चहाची टपरी. टपरीवर सगळं गाव बसलेलं. जितलेला पुढून निघाला की मिशीवर हात फिरवणार. हरलेला ते बघणार. तितंच दुसरी केस तयार."

"आणि जितलेल्याला राग येत नाही?"

"येतो की. पण त्याच्या पदरात माल असतो. त्याचा राग आठ दिसांत उतरतो. रिकाम्या हाताच्या माणसाचा उतरत न्हाई."

या माणसाचा जीव एकाच ठिकाणी संशय विसरायचा, आणि ते ठिकाण म्हणजे महेश. काकांची एकुलती एक लेक सुनंदा गावातल्या गावातच, ओढ्यापलीकडच्या वस्तीत दिलेली. महेश तिचा थोरला. बी.ए. करून पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे काका शाळेच्या मैदानावर फक्कीची रेघ मारायचे, शिट्टी फुंकायचे आणि नातू पळायचा. पळून झालं की काका त्याच्या पोटऱ्या स्वतः चोळून द्यायचे. हे पोरगं खात्यात लागावं, वर्दीत दारात उभं राहावं, यापलीकडे त्या म्हाताऱ्याला आयुष्याकडून काही नको होतं. ते मला कित्येकदा म्हणाले, "माझ्यावाणी जमादार न्हाई, म्याडम. फौजदार."

आणि मग तो पोळा आला.

आमच्या गावात पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. सगळ्यात आधी मानाची जोडी तोरणाखालून जाते, मग बाकीचे बैल. मानाची जोडी वरच्या गल्लीतल्या दत्तरावांची. ओढ्यापलीकडचे बैल त्याच रांगेत, पण मागे. हे वर्षानुवर्षं चाललेलं. त्या वर्षी ओढ्यापलीकडच्या पोरांनी मानाची जोडी यायच्या आत आपले बैल तोरणाखाली घातले. दोन-तीन पोरं पिऊन होती. पहिली काठी त्यांनीच उचलली. दत्तरावांच्या पुतण्याचा हात मोडला, एका बैलाचं रंगवलेलं शिंग मुळापासून निघालं, आणि पुरणाच्या दिवशी गावात पोलिसांची गाडी आली. चूक ओढ्यापलीकडच्यांची होती. काका वरच्या गल्लीतले, पण तसे नसते तरी त्यांनी हेच सांगितलं असतं.

केसमध्ये बरीच नावं पडली, त्यात महेशचंही. त्यानं काठी उचलली नव्हती, पण तो तिथे होता. केस कोर्टात गेली असती तर भरती संपली होती. म्हणून समेटाची बैठक बसली. मारुतीच्या पारावर वरच्या गल्लीची मोठी माणसं, मध्ये दत्तराव, आणि समोर खाली ओढ्यापलीकडचे. त्यांच्या वतीनं बोलायला बापूराव होते, महेशचे वडिलांकडचे आजोबा, म्हणजे काकांचे व्याही. मऊ बोलणारा, कुणाच्या अध्यात न मध्यात असलेला माणूस.

दत्तरावांनी अटी सांगितल्या. सगळा दोष ओढ्यापलीकडच्यांनी कबूल करायचा. बापूरावांनी आपली टोपी पारासमोर दत्तरावांच्या पायावर ठेवायची. आणि इथून पुढे दर पोळ्याला ओढ्यापलीकडच्या एका वडीलधाऱ्यानं, बोडक्या डोक्यानं, दत्तरावांच्या मानाच्या जोडीचा कासरा धरून ती तोरणाखालून न्यायची. त्यांचे स्वतःचे बैल मात्र सगळे गेल्यावर, शाळेमागच्या वाटेनं गावात येतील. एवढं मान्य असेल तर केस मागे.

बापूरावांनी महेशकडे पाहिलं. "मान्य हाय," ते म्हणाले.

पारावर समाधानाची कुजबूज झाली आणि काका उठले. मी शाळेच्या ओट्यावरून बघत होते. मला त्या क्षणी वांगी आठवली, आणि हसू आलं नाही.

"कवापर्यंत?" काकांनी विचारलं.

"काय कवापर्यंत?"

"हे कासरा धरायचं. किती सालं?"

दत्तराव म्हणाले, "त्यांच्या ध्यानात राहीपर्यंत."

"ध्यानात राहायची तुमी फिकीर करू नका. ते राहतंच. दत्तराव, सजा एकडाव द्यावी आन मोकळं व्हावं. टोपी ठिवायची तर आज ठिवा, म्या काही म्हणत न्हाई. पण दरसाली द्यायची सजा ही सजा नसती, ती पेरणी असती."

"काका, तुमच्याच नातवाचं भलं होऊन राहिलं. तुमी काहून आडवे येता?"

मागून कुणीतरी बोललं, "लेक तिकडं दिली ना. तिकडचंच बोलणार." लोक हसले. जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतलेल्या माणसावर त्या दिवशी पहिल्यांदा उघड संशय घेतला गेला. काकांचा चेहरा पडला, पण ते बसले नाहीत. "बरं, मग निदान मोबाईल तरी खिशात ठिवा," म्हणाले.

कुणी ठेवला नाही. बापूरावांनी टोपी काढली. टोपीखालचा डोक्याचा भाग पांढराफटक होता, उन्हानं कधी न पाहिलेला. ते वाकले तेव्हा वरच्या गल्लीच्या निम्म्या पोरांचे हात वर होते. संध्याकाळपर्यंत ते वाकणं गाणं लावून सगळ्यांच्या स्टेटसवर आलं होतं. मला फार लाज वाटली, आणि कुणाची वाटते आहे ते नीट कळेना.

त्यानंतर गाव शांत झालं. तालुक्याहून पाहुणे आले, शाली घातल्या, वेशीत तंटामुक्तीचा फलक लागला. मीही खूश होते. काका मात्र त्या शांततेभोवती असे फिरायचे, जसं बंद खोलीभोवती फिरावं. एक दिवस मला म्हणाले, "म्याडम, नळावर कान देऊन बघा."

गावाच्या टाकीजवळचा नळ म्हणजे रोजची रणभूमी. वरच्या गल्लीच्या आणि ओढ्यापलीकडच्या बाया घागरी आपटून, एकमेकींचा उद्धार करून पाणी भरायच्या. मी कान दिला. भांडण नव्हतं. ओढ्यापलीकडच्या बाया मागे सरून म्हणत होत्या, "आदी तुमी भरा, ताई."

"चांगलं नाही का हे?"

"कालवर ही बाई हिच्या सात पिढ्या काढायची. आज ताई म्हणून राहिली." काकांनी मान हलवली. "भांडत व्हत्या तवर बोलत तरी व्हत्या."

पुढच्या पोळ्याला बापूरावांनी बोडक्या डोक्यानं कासरा धरला. ठरल्याप्रमाणे सगळं पार पडलं. जुना व्हिडिओ पुन्हा सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला, त्याला आता नवं गाणं होतं. आणि त्यानंतर महिन्याभरात ओढ्याच्या पुलाजवळ एक पाटी लागली, काळी, तिच्यावर पिवळी अक्षरं. संघटना. हिंगोलीहून एक भैय्या यायला लागला. गोरा, गॉगल घातलेला, अर्धं हिंदी बोलणारा. त्यानं आधी रक्तदान केलं, मग ओढ्यावर मुरूम टाकून दिला. काका पुलावर जाऊन त्याला तीन प्रश्न विचारून आले. परत कवा, याचं उत्तर त्यानं दिलं नाही.

भैय्याचं भाषण मी एकदा खिडकीतून ऐकलं. त्यात रोजगार नव्हता, शेती नव्हती. त्यानं मोबाईल वर धरला, त्यात बापूराव वाकत होते. "ये किसका दादा है?" त्यानं विचारलं. "सांगा ना, कुणाचा आजा हाय ह्यो?" मग मागून एक आवाज आला, "माझा." तो महेश होता. भैय्यानं त्याला पुढे बोलावून छातीशी धरलं.

पहाटे मैदानावर फक्कीची रेघ पडत राहिली. काका शिट्टी घेऊन उभे असायचे. महेश आधी दोन दिवसांआड यायचा, मग आठवड्यातून एकदा, मग नुसती रेघच उरली. सुनंदा लपत आली की सांगायची. लपत, कारण संघटनेनं आता ठरवलं होतं की वरच्या गल्लीत कुणी जायचं नाही, त्यांच्या दुकानातलं काही घ्यायचं नाही. जो जाईल तो फितूर. "बाबा, त्यो सासऱ्यांच्या पंगतीला बसत न्हाई आता. ताट उचलतो आन भायेर जातो." बापूरावांच्या दारावर एका सकाळी फाटकी टोपी टांगलेली सापडली. ती वरच्या गल्लीनं टांगली असती तर एक वेळ समजलं असतं. टांगणारी पोरं ओढ्यापलीकडचीच होती. ज्यांची नावं केसमधून निघावीत म्हणून बापूराव वाकले होते, तीच.

त्या दिवसांत संध्याकाळी ओट्यावर मी दहावी-अकरावीच्या दोन मुलींचा अभ्यास घ्यायचे. काका खाटेवर पडून ऐकायचे. एकदा पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह चालला होता. मुली घोकत होत्या, जर्मनीवर जाचक अटी लादल्या, सगळा दोष कबूल करायला लावला, त्यातून सुडाची भावना वाढली, त्यावर हुकूमशहा मोठा झाला. काका उठून बसले.

"म्याडम, हे कंच्या गावचं?"

"गावचं नाही काका. देशाचं. फार लांबचं."

"आन तिकडून टोपी कुणी ठिवली? म्हंजे सही कुणी केली? त्या माणसाचं पुढं काय झालं?"

पुस्तकात ते नव्हतं. मी मोबाईलवर शोधलं. सापडलं ते सांगावं की नाही कळेना, पण काकांपुढे टाळाटाळ चालत नसे. लढाई थांबवायच्या कागदावर ज्यानं सही केली होती, त्याला पुढे त्याच्याच देशातल्या कडव्या तरुणांनी गद्दार ठरवून गोळ्या घातल्या, असं मी सांगितलं. काकांनी बूट घातले, कुलूप ओढायचं विसरून ओढ्याकडे गेले. त्यानंतर ते रोज संध्याकाळी व्याह्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचे, पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. फितुरी कुणाची व्हायची ती होवो, म्हणायचे. पोरं शिट्ट्या मारायची. काका त्यांना नावानिशी हाक मारून घरच्यांची चौकशी करायचे.

तिसरा पोळा जवळ आला तसे काका दत्तरावांकडे गेले. एकटेच. ती अट काढून टाका, यंदाच काढा, म्हणून हात जोडून आले. दत्तराव म्हणाले, "आता काढली तर भ्याले म्हणतील." हे मला काकांनीच सांगितलं, आणि मग बराच वेळ बुटाला पॉलिश करत बसले.

पोळ्याच्या दिवशी त्यांनी कुणालाच न विचारता एक गोष्ट केली. ओढ्यापलीकडे गेले, बापूरावांच्या गोठ्यातून बैल सोडला, आपली टोपी काढून शर्टात खोचली आणि बोडक्या डोक्यानं कासरा धरून वेशीकडे निघाले. वरच्या गल्लीचा माणूस ओढ्यापलीकडचा बैल घेऊन निघाला होता. शेजारी बापूराव. दोन म्हातारे आणि मध्ये झूल घातलेला, बाशिंग बांधलेला पांढरा बैल. मी शाळेच्या ओट्यावर उभी होते. मला वाटलं, झालं, आता हे लोक विरघळतील. मी इतिहास शिकवते, तरी मला असं वाटलं.

वेशीत दत्तरावांची माणसं आडवी आली. "काका, तुमी आमचे का त्यांचे?"

"म्या कुणाचा, ते तोरणापल्याड गेल्यावर सांगतो. वाट सोडा."

तेवढ्यात मागून काळे टीशर्ट आले. पुढे महेश. वर्षभरात त्याच्या पोटऱ्यांचं बळ सगळं मानेत आल्यासारखं दिसत होतं.

"नाना," तो काकांना म्हणाला, "कासरा सोडा."

"सोडतो बाळा. तोरणापल्याड."

"आमाला तुमची दया नको."

"दया न्हाई रे. बराबरी हाय. त्यांचा बैल बापूरावांनी नेला, तुमचा बैल म्या नेतो. फिटलं."

"बराबरी कुणाला पायजे आता?" महेश मोठ्यानं बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आता पयला मान आमाला. आन कासरा ह्यांनी धरायचा. टोप्या काढून. सगळ्यांनी. दरसाली."

मी काकांचा चेहरा बघितला. आपण पारावर उभं राहून जे सांगितलं होतं ते उगवून आलंय, आणि ते आपल्याच नातवाच्या तोंडून बोलतंय, हे त्यांना कळलं. त्यांना त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. महेशनं कासऱ्याला हिसका दिला. काकांनी सोडला नाही. दुसरा हिसका बसला तेव्हा दोर त्यांच्या तळहाताचं कातडं घेऊन गेला. बैल उधळला आणि मग दोन्हीकडून काठ्या निघाल्या. या वेळी त्या आधीच आणून ठेवलेल्या होत्या, दोन्हीकडे. दत्तरावांचा मुलगा खाली पडला. त्याच्या डोक्यात घातलेली काठी महेशच्या हातात होती. बापूरावांना कुणाचा धक्का लागला माहीत नाही, ते वेशीच्या दगडाला टेकून बसले होते आणि त्यांची टोपी माणसांच्या पायांत फिरत होती.

दत्तरावांचा मुलगा जगला, पण एक बाजू लुळी पडली. पोलीस आले. वरच्या गल्लीला फक्त ओढ्यापलीकडची नावं लिहून हवी होती, आणि ओढ्यापलीकडे कुणी काही पाहिलंच नव्हतं. काकांनी जबाब दिला. पट्टी बांधलेल्या हातानं सही केली. पाहिलेली सगळी नावं सांगितली, दत्तरावांच्या तिघांची आणि महेशची. काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. सुनंदा दारात आली आणि आत न येता म्हणाली, "बाबा, एक नाव गाळलं असतं तर?"

"एक गाळलं असतं तर बाकीची खोटी झाली असती, माय."

ती तशीच परत गेली. नातवाची फौजदारी त्या सहीत बुडाली, हे काकांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. गावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं, दोन्हीकडच्यांनी. नव्या समेटाची बैठक बसली, अटी आणखी कडक झाल्या, काकांना बोलावणं आलं नाही. महेश जामिनावर सुटला तेव्हा भैय्यानं त्याची मिरवणूक काढली. फाट्यावर मोठं पोस्टर लागलं, त्यात गुलाल लावलेला महेश हात वर करून उभा होता. रोज शाळेतून येताना माझ्या वर्गातली मुलं त्याखाली थांबायची, त्याच्यासारखा हात वर करून बघायची. मला भीती वाटायची. खरं सांगते, मी बदलीचा अर्ज केला तो याच भीतीनं.

मागच्या दिवाळीत शिरड शहापूरला एका लग्नाची बोलणी होती, परतताना मी काकांकडे डोकावले. काकू थकल्या होत्या, बापूराव वारले होते. काका खाटेवर, पाठ भिंतीला. बूट पॉलिश केलेले. मला पाहताच विचारलं, "कुठून आलात? कुणाकडं? परत कवा?" मला बरं वाटलं. म्हटलं, माणूस जागेवर आहे.

मग माझं पुढच्या दाराकडे लक्ष गेलं. ते सताड उघडं होतं. कडी नव्हती, नुसती काढलेली नव्हती, उपसून टाकली होती. लाकडात खिळ्यांची भोकं दिसत होती. ज्या माणसानं कुलूप दोनदा ओढल्याशिवाय गल्ली ओलांडली नाही, त्याचं दार.

"काका, हे असं? चोराचिलटाचं भ्या नाही का?"

"हाय की. रात्री जागतो म्या." त्यांनी तळहात चोळला. दोराचा वण अजून होता. "पण म्हेश आला आन कडी वाजवावी लागली, तर? वाजवून आत आला की माणूस मागायला आल्यावाणी होतो. तकलीफ होते त्याला. त्यानं सरळ यावं."

"येतो का तो?"

"एकडाव पुलापर्यंत येऊन गेला. पायाचे ठसे म्या वळखले. पळताना डावा पाय बाहेर टाकतो."

काकूंनी मान फिरवली. पोरगं येणार नाही, असं त्यांच्या पाठीवर लिहिलेलं होतं. मलाही तसंच वाटत होतं, आणि काकांना तर संशय घ्यायला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी त्यांनी कडी उपसली होती.

चहा झाला. मी पर्स उचलली आणि सवयीनं पुढच्या दाराकडे वळले. काकांनी खाटेवरूनच हात आडवा केला.

"तिकडून न्हाई, म्याडम. ते त्याचं दार हाय. आपण वरच्या गल्लीचे, आपण मागून जायचं."